मशीन कोटीचं, माणूस अकरा महिन्यांचा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या खिशातल्या मोबाईलचा आहे.

सायबर गुन्ह्याची बातमी आपल्याकडे ठरलेल्या साच्यातली असते. 'पिंपरीत अमुक लाखांचा गंडा. अज्ञाताविरुद्ध गुन्हा. तपास सुरू.' संत तुकाराम नगर, वल्लभनगर, नेहरूनगर, भोसरी, खाली चाकणपर्यंत, नाव बदला, आकडा बदला, बातमी तीच. पुढे सहा महिन्यांनी मी तपास अधिकाऱ्याला फोन करतो तेव्हा उत्तरही ठरलेलंच असतं: "फॉरेन्सिकचा रिपोर्ट यायचाय."

हा रिपोर्ट नक्की कुठून यायचा असतो? तो तयार कोण करतं? किती माणसं हे काम करतात, त्यांना पगार किती, नोकरी कायम की कंत्राटी? हे कुणी विचारत नाही. नेते विचारत नाहीत, आम्ही पत्रकारही क्वचित विचारतो. म्हणून आज हा विषय काढतोय. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि मग ते सिद्ध करतो: सरकारने सायबर सुरक्षेच्या नावाखाली इमारती घेतल्या, मशीन घेतली, व्हॅन घेतल्या, त्या मशीनसमोर बसणारा माणूस मात्र घेतला नाही. घेतला तो उसना.

आधी हा माणूस काय करतो ते समजून घ्या. सिनेमात दाखवतात तसं चार बटणं दाबली आणि स्क्रीनवर गुन्हेगाराचा फोटो आला, असं काही नसतं. जप्त केलेला मोबाईल त्याच्याकडे सीलबंद येतो. तो आधी सील तपासतो, नोंद करतो. मोबाईल नेटवर्क पकडणार नाही अशा पिशवीत ठेवावा लागतो, नाहीतर लांब बसलेला गुन्हेगार तिथूनच त्यातला डेटा पुसू शकतो. हार्ड डिस्क असेल तर ती थेट कॉम्प्युटरला जोडायची नाही. नुसती जोडली तरी काही फायलींच्या तारखा बदलतात आणि पुढे बचाव पक्षाचा वकील विचारतो, "ही फाईल तुम्हीच तर टाकली नाही ना?" म्हणून मध्ये राईट ब्लॉकर नावाचं यंत्र लावतात. त्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही. मग डिस्कची हुबेहूब प्रत काढतात आणि मूळ व प्रत या दोन्हींची हॅश व्हॅल्यू काढतात.

हॅश व्हॅल्यू म्हणजे डेटाच्या अंगठ्याचा ठसा समजा. लाखो फायलींपैकी एका फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. जप्तीच्या वेळचा ठसा आणि कोर्टातला ठसा जुळला, तर मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही. जुळला नाही, तर पुरावा संशयात. सगळा खेळ या एका ओळीवर असतो.

मग खरं काम सुरू होतं. पुसलेले मेसेज, अर्धवट उरलेल्या फायली, कुठल्या वेळी कुठून लॉगिन झालं, चार्जिंगला कधी लावला, कुठला पेनड्राईव्ह कधी जोडला. आठवडेच्या आठवडे डोळे फोडायचे. त्यात आणखी एक गोष्ट, जी पेपरात येत नाही. मुलांवरच्या अत्याचाराचे व्हिडिओ, आत्महत्येआधीचे शेवटचे मेसेज, हे सगळं याच माणसाला एकेक करून बघावं लागतं, कारण अहवालात काय दिसलं ते लिहायचं असतं. आणि दोन-चार वर्षांनी कोर्टात उभं राहून उलटतपासणीला तोंड द्यायचं असतं.

आता या माणसाची सरकारदरबारी किंमत बघा. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाने २०२४ मध्ये १२५ पदांची जाहिरात काढली होती. त्यात 'वैज्ञानिक सहायक (संगणक गुन्हे, ध्वनी व ध्वनिफीत विश्लेषण)' असं पद होतं. दर्जा: गट क. त्याच जाहिरातीत भांडाराचे लिपिक होते आणि उपहारगृहाचा व्यवस्थापकही होता. लिपिकाला किंवा कॅन्टीन चालवणाऱ्याला मी कमी लेखत नाही, त्यांच्याशिवाय ऑफिस चालत नाही. पण ज्याच्या एका सहीवर माणूस तुरुंगात जातो किंवा सुटतो, त्या कामाला आपण त्याच रांगेत उभं केलंय. हिंजवडीत जा. हेच काम खासगी कंपनीसाठी करणाऱ्या पोराला किती मिळतात विचारा, आणि मग सांगा की हुशार पोरगं इकडे का येईल, आलं तर का टिकेल.

आणि ही झाली कायम पदाची गोष्ट. माझ्या ओळखीतला एक जण अशाच एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर हे काम करतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, त्याची भाकरी जाईल. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्याचा सवाल ऐका: "दादा, आज मी रिपोर्टवर सही केली. केस चार वर्षांनी बोर्डावर येणार. तेव्हा मी या नोकरीत असेन का? समन्स कुठल्या पत्त्यावर येणार? रजा कोण देणार, गाडीभाडं कोण देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे का?

कुणी म्हणेल, एवढं काय बिघडतंय त्यात? बिघडतं ते सांगतो. उदाहरणं लांबची नाहीत, आपल्या उंबऱ्यातली आहेत.

पहिलं कॉसमॉस बँकेचं. ऑगस्ट २०१८. ११ आणि १३ तारखेला मिळून बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी काढले, भारतात अडीच कोटींच्या आसपास, त्यात आपलं कोल्हापूरही होतं. आणि साधारण १४ कोटी स्विफ्टमधून हाँगकाँगच्या एका खात्यावर. ज्या गणेशखिंड रस्त्यावर बँकेचं मुख्यालय, त्याच भागात सरकारची विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळा. पुणे पोलिसांनी एटीएमचे कॅमेरे, कॉल रेकॉर्ड, मोबाईल असं एकेक जोडत साखळी उभी केली आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी धरलं. म्हणजे मनावर घेतलं तर आपल्याकडे होतं. पण ही ११ माणसं पैसे काढणारी, हाताखालची होती. सर्व्हरमध्ये शिरणारा हात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालाने थेट उत्तर कोरियाशी जोडला. समोर असा शत्रू आहे, आणि त्याच्याशी लढायला आपण अकरा महिन्यांचा शिपाई उभा करतो.

दुसरं तर अगदी घरचं. २६ फेब्रुवारी २०२१. आपल्या पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. २७ सर्व्हरमधला डेटा कुलूपबंद झाला, सोडवायला बिटकॉईनमध्ये खंडणी मागितली. निगडी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, पाच कोटींचं नुकसान झाल्याचं तक्रारीत होतं, नंतर त्या आकड्यावरूनच वाद झाला. बरं, वाद झाला, सभेत आरडाओरडा झाला. पण साधे प्रश्न आहेत. हल्लेखोर आत कुठून शिरला? किती दिवस आत होता? डेटा फक्त बंद केला, की बाहेरही नेला? या तीन प्रश्नांची उत्तरं फॉरेन्सिक विश्लेषकच देऊ शकतो, आणि ज्यांच्या करातून ते सर्व्हर आले त्या आपल्यासमोर तो अहवाल साध्या मराठीत यायला हवा होता. तुम्हाला कुणाला वाचायला मिळाला असेल तर कमेंटमध्ये टाका, मी जाहीर आभार मानीन. चौकात कॅमेरे लावताना फ्लेक्स लागले होते. सर्व्हर गेले तेव्हा कुणाचाच फ्लेक्स दिसला नाही.

तिसरं दिघीचं. मे २०२३ मध्ये डीआरडीओच्या दिघीतल्या संस्थेचे तेव्हाचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना एटीएसने अटक केली. पाकिस्तानी हस्तकाला गोपनीय माहिती दिल्याचा आरोप आहे. दोषारोपपत्राचा कणा काय? व्हॉट्सअॅप चॅट. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवेल. पण देशाच्या संरक्षणाचा खटला जर मोबाईलमधून काढलेल्या मेसेजवर उभा असेल, तर ते मेसेज काढणारा, जपणारा आणि कोर्टात सांगणारा माणूस किती पक्का हवा, याचा विचार करा.

चौथं उदाहरण जालन्याचं, ते मी मुद्दाम घेतोय, कारण त्याने अख्ख्या देशाचा कायदा ठरवला. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल हरले. अर्ज वेळेत भरला की दुपारी तीननंतर, हा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण हा पुरावा. पण त्या चित्रणासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून मिळता मिळेना. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० ला निकाल लागला: मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६५ ब चं प्रमाणपत्र हवंच. तोवर ती विधानसभा मुदत संपवून गेली होती, नवी निवडणूक होऊन वर्ष होत आलं होतं. एका कागदासाठी सहा वर्षं. आणि हे आमदारकीसाठी भांडणाऱ्या, मोठे वकील लावणाऱ्या माणसांचं. तुमचं-माझं काय?

आता तर कायदा आणखी पुढे गेलाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. 'अ' भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने, आणि हॅश व्हॅल्यू लिहायची. दुसऱ्या बाजूला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ सांगतं की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची सवलत आहे, पण घड्याळ सुरू झालंय. कायदा उत्तमच आहे. मी विरोधात नाही. पण दिल्लीत 'तज्ज्ञ' हा शब्द लिहिला म्हणून मोशीत तज्ज्ञ उगवत नाही. विहिरीवर नवी मोटर बसवली, पण आत पाणी आहे का बघितलंच नाही, अशी ही गत.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, हेही स्पष्ट सांगतो. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी राज्यभर सायबर लॅब सुरू झाल्या. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी आपल्याला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय मिळालं, चाकण, आळंदी, तळेगावपर्यंतचा पट्टा त्यात आला. महाराष्ट्र सायबरसाठी ८३७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, महापेला मोठं केंद्र उभं राहिलं. १९३० आणि १९४५ या हेल्पलाईन आहेत, त्यावर लगेच फोन केला तर पैसे गोठवले जातात, लोकांचे वाचलेतही. चांगलं आहे. पण फोन उचलणं वेगळं आणि आरोपीला शिक्षा लावणं वेगळं. पहिल्यासाठी कॉल सेंटर लागतं, दुसऱ्यासाठी विश्लेषक लागतो. आपण पहिल्याची जाहिरात करतो आणि दुसऱ्याला करारावर ठेवतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं: "खासगी लॅबला द्या ना काम. ते पटपट करतात." ऐकायला बरं वाटतं. पण ज्या कंपनीने महापालिकेचे सर्व्हर चालवायचे, तिच्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीने त्या सर्व्हरची चूक शोधायची? आज ही तिची चौकशी करेल, उद्या दोघी एकाच टेंडरला भागीदार असतील. शिवाय त्या मोबाईलमध्ये कुणाच्या तरी बायकोचे, मुलीचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात. सर्वात कमी दर भरणाऱ्याच्या हातात ते द्यायचे? स्वच्छतागृहाचं कंत्राट आणि पुराव्याचं कंत्राट एकाच नियमाने काढता येत नाही.

दुसरं उत्तर पोलिसांकडून येतं: "आमचीच पोरं ट्रेनिंग देऊन तयार करतो." प्राथमिक कामासाठी ठीक आहे. पण पकडणारा आणि तपासणारा एकच साहेबाच्या हाताखाली असला की शंकेला जागा राहते. एल्गार परिषद प्रकरणच बघा. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी जप्त केलेल्या लॅपटॉपच्या डिस्कची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगकडे नेली. फायली बाहेरून घुसवल्या गेल्या, असा निष्कर्ष त्यांनी २०२१ मध्ये दिला. एनआयएला तो मान्य नाही. तुम्ही डावे असा, उजवे असा, मला त्यात पडायचं नाही. पण आपल्या राज्यातल्या खटल्यातली हार्ड डिस्क बोस्टनजवळच्या एका संस्थेकडून तपासून आणावीशी वाटते, याचा अर्थ इथे दोन्ही बाजूंचा विश्वास बसेल अशी जागा आपण उभी केलेली नाही. ती जागा हवी. आणि ती पोलिसांच्या दबावापासून लांब हवी. उद्या तुमच्याच फोनमध्ये कुणी काही टाकलं, तर तुम्हाला वाचवणाराही हाच माणूस असणार आहे. फॉरेन्सिक फक्त फिर्यादीचं नसतं, आरोपीचंही असतं.

या सगळ्यात भरडला जातो तो सामान्य. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपवाल्याची गोष्ट मला जवळून माहीत आहे. त्याच्या सप्लायरच्या ईमेल पत्त्यात एकच अक्षर बदलून कुणीतरी 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल पाठवला. याने पैसे भरले. तक्रार दिली तर पुरावा म्हणून याचाच कॉम्प्युटर जमा झाला. त्यात जीएसटीचे हिशेब, ड्रॉइंग, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी. पैसे गेले ते गेलेच, वर धंद्याची वहीही गेली. कामगारांचा पगार त्याने बायकोचे दागिने ठेवून केला. विश्लेषक पुरेसे असते तर दोन दिवसांत डिस्कची प्रत काढून, हॅश लिहून, यंत्र मालकाला परत देता आलं असतं. प्रत काढायला काही तासच लागतात. महिने लागतात ते रांगेत.

आणि रांग वाट बघते, डेटा बघत नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवं बसतं. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी लॉग ठेवायचे ते १८० दिवस. सातव्या महिन्यात तुमचा तपास जागा झाला तर मागायचं काय? आपण ज्यांच्या नावाच्या नगरात राहतो त्या तुकोबांची गाथा इंद्रायणीने तेरा दिवसांनी वर आणून दिली, अशी आपली श्रद्धा आहे. पुसलेला सर्व्हर लॉग कुठलीच नदी वर आणून देत नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. एक, आपल्या आयुक्तालयाच्या हद्दीत, उद्योगांच्या या पट्ट्यासाठी, गृह विभागाच्या प्रयोगशाळेच्या अखत्यारीतलं वेगळं डिजिटल केंद्र. पोलिसांच्या हाताखाली नको. दोन, तिथे कायम पदं, कामाला शोभेल असा दर्जा आणि पगार. तीन, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ अ खाली केंद्राने अधिसूचित केलेला दर्जा त्या केंद्राला मिळवून देणं, म्हणजे 'तुम्ही तज्ज्ञ कसे' हा प्रश्न कोर्टात उरणार नाही. चार, तक्रारदाराचं उपकरण प्रत काढून ठरलेल्या मुदतीत परत. पाच, हे घाण व्हिडिओ बघणाऱ्या पोरापोरींसाठी समुपदेशनाची सोय. ही मशीन नाहीत, माणसं आहेत.

पैसे नाहीत असं कुणी सांगू नये. आशिया खंडातली श्रीमंत महापालिका म्हणून आपण मिरवतो. चाकणमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीवर सरकारला कर मिळतो. इच्छा नाही, एवढंच खरं.

आता नुसतं 'सहमत' लिहून पुढे जाऊ नका. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चार प्रश्न देतो, उतरवून घ्या:

१. पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाने पाठवलेली किती मोबाईल, संगणक व हार्ड डिस्क आज तपासणीविना पडून आहेत? सर्वात जुनं कुठल्या तारखेचं?
२. सायबर विश्लेषकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती?
३. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा 'ब' भाग कोण भरतं, त्याची पात्रता काय?
४. स्मार्ट सिटी सर्व्हर हल्ल्याच्या तांत्रिक चौकशी अहवालाची प्रत.

पहिले तीन गृह विभागाला आणि पोलिसांना, चौथा महापालिकेला. मी माझे अर्ज टाकतोय. दहा जणांनी टाकले तर फाईल हलते, शंभर जणांनी टाकले तर साहेब हलतात. उत्तर आलं की इथेच टाका, नकार आला तर तोही टाका. मी एकेक छापतो.

आणि तुमच्या घरातलं कुणाचं उपकरण पुरावा म्हणून वर्षभर अडकलं असेल, तर इनबॉक्समध्ये सांगा. नाव गुप्त राहील. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर मुद्दा मांडून भांडा. पण गप्प बसू नका.